पैठण : स्थळदर्शन आणि स्थानपोथी

पैठण पाहावयाचे म्हणजे काय काय पाहावयाचे, याची एक ठरीव यादी आता सर्वांच्या परिचयाची झालेली आहे. नाथांचा गावातील वाडा, गावाबाहेरील समाधिमंदिर, नागघाट, तीर्थखांब, मौलानासाहेबांचा दर्गा, मुनिसुव्रतनाथांचे जैन मंदिर, जायकवाडीचे धरण, त्याच्या पायथ्याचे ज्ञानेश्वर उद्यान, आणि परतीच्या वाटेवर पैठणीची खरेदी; खरेदी परवडणारी नसेल तर निदान मागापुढे उभे राहून घेतलेले छायाचित्र. महाविद्यालयाची सहल असेल तर सकाळी दहाला बस पोहोचते आणि चारला निघते. सहा तासांत दोन हजार वर्षे उरकावयाची असल्यामुळे घाई होणे साहजिकच आहे. मी स्वतः अशा अनेक सहली नेल्या आहेत आणि त्या न्याव्यात असेच माझे मत आहे. तथापि मराठीच्या विद्यार्थ्याने ऐतिहासिक नगर पाहावे म्हणजे नेमके काय करावे, हा प्रश्न या सहलींनीच माझ्यासमोर उभा केला. त्याविषयी थोडे मोकळेपणाने लिहावे, म्हणून हे टिपण.

मी मूळची तलवाड्याची. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील हे गाव परिसरात त्वरिता देवीच्या ठाण्यामुळे ओळखले जाते. गोदावरी ही आमच्या तालुक्याची उत्तरेकडील शीव. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला ते राक्षसभुवन याच काठावर आहे, आणि महानुभाव ज्याला आत्मतीर्थ म्हणतात ते पांचाळेश्वर तर नदीच्या पात्रातच आहे. आमच्या बाजूने पैठणला जावयाचे तर गेवराईहून शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडावी लागते आणि पाचोडवरून पुन्हा त्याच नदीच्या वरच्या अंगाला यावे लागते. अंतर फार नाही. असे असूनही माझ्या वर्गातील निम्म्याअधिक मुलामुलींनी सहलीपूर्वी पैठण पाहिलेले नसते. त्यांनी कोल्हापूर, सांगली, बेळगाव पाहिलेले असते. म्हणजे तेथील उसाचे फड आणि साखर कारखान्यांची आवारे पाहिलेली असतात. दिवाळीच्या आगेमागे आईवडिलांचा कोयता निघतो आणि लहानपणी हीही त्यांच्याबरोबर निघतात. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी असते आणि मराठवाड्यातील दिंड्या पैठणच्या वाटेला लागतात, तेव्हा आमच्याकडील कितीतरी घरे कुलुपबंद असतात, कारण गळीत हंगाम संपलेला नसतो. ज्यांच्या गावावरून वारीची वाट जाते तेच वारीच्या वेळी गावात नसतात. पैठण दूर की जवळ, हे त्यामुळे केवळ किलोमीटरांवर ठरत नाही.

प्रत्यक्ष पैठणला पोहोचल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो तो असा : मॅडम, राजधानी कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकात सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान असे वाचलेले असते आणि दौलताबादचा किल्ला पाहिलेला असतो. राजधानी म्हणजे तट, दरवाजे, तोफा असे समीकरण मनात तयार झालेले असते. पैठणला दाखवावयास तसे काही नाही. जुन्या वस्तीच्या कडेची पांढरीची टेकाडे, पावसाळ्यानंतर त्यांतून डोकावणाऱ्या विटा आणि खापरे, एवढेच. १९३७ साली हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने येथे उत्खनन केले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुन्हा उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनोत्तर काळातील विटांच्या देवळांचे अवशेष हाती आले. बाळासाहेब पाटील या पैठणकर गृहस्थांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय गावात आहे. मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, खेळणी यांची ती दुनिया ज्याला खरोखर पाहावयाची आहे त्याचा अर्धा दिवस तेथेच जावा. परंतु राजवाडा नाही तो नाहीच.

आणि तरीही हे नगर जगाला ठाऊक होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर असल्याची नोंद आहे. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून बंदराकडे जात असे, हेही तेथे सांगितले आहे. टॉलेमीला पैठण हे पुळुमावीचे नगर म्हणून ठाऊक आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यातील एका शिलालेखात दान देणारा प्रतिष्ठानचा एक गांधिक आहे, म्हणजे अत्तरे आणि सुगंधी द्रव्ये विकणारा. राजाचा वाडा कोठे होता ते न कळो, पण पैठणच्या बाजारात अत्तराचे दुकान होते आणि त्याचा मालक लेण्याला देणगी देण्याइतका सधन होता, ही गोष्ट दगडात कोरलेली आहे. मला स्वतःला या गांधिकाचे अगत्य राजापेक्षा अधिक वाटते.

हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीची गोष्ट याहून विलक्षण आहे. महाराष्ट्री प्राकृतातील हे सातशे गाथांचे संकलन आपण मराठी वाङ्मयाच्या पूर्वपीठिकेत शिकवतो, स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीने तिचा मराठी अभ्यासाचा पाया घातला. राजधानीत, राजाच्या नावे सिद्ध झालेल्या या ग्रंथात नगर मात्र जवळजवळ नाही. आहेत ती शेते, ग्रामणी आणि त्याची मुले, नांगर धरणारा, वाटसरू, त्याच्या ओंजळीत पाणी ओतणारी पाणपोईवरची तरुणी, आणि पुन्हा पुन्हा येणारी गोदावरी. राजधानीने आपल्या नावावर जपून ठेवले ते खेड्याचे मन. तलवाड्याहून येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे एक सांगता येते, की ज्या वाटेने तू आज आलास ती वाट पैठणच्या पहिल्या ग्रंथात आहे. राजधानी शोधण्याची तशी घाई नाही. हे सांगितले की काहींचे समाधान होते, काहींचे होत नाही. न होणाऱ्यांविषयी मला अधिक आदर आहे.

परंतु पाहण्याची खरी रीत मला ज्या ग्रंथाने दाखविली तो गाथासप्तशतीनंतर बाराशेहून अधिक वर्षांनी रचला गेला. महानुभाव पंथातील मुनिव्यासांची ‘स्थानपोथी’ हा चौदाव्या शतकातील ग्रंथ आपल्याकडे प्रायः लीळाचरित्राचे परिशिष्ट म्हणून वाचला जातो. वि. भि. कोलते यांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली, पण अभ्यासक्रमात त्याला सहसा जागा मिळत नाही, आणि मिळालीच तरी भूगोलाचे साधन म्हणून. माझ्या मते मराठीतील स्थळवर्णनाची परंपरा येथून मोजावयास हवी. श्रीचक्रधर ज्या ज्या गावी गेले, त्या त्या गावी ते कोठे राहिले, कोठे बसले, कोठे फिरले याची ही नोंदवही आहे. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूस पटिशाळा आहे, आसन कोणत्या खांबाशी, आरोगणा कोठे, पहुड कोठे, एवढेच नव्हे तर परिश्रयाचे, म्हणजे मलमूत्रविसर्जनाचे, स्थानही तीत गाळलेले नाही. अल्पकाळच्या मुक्कामाला ‘वसती’ आणि दीर्घ मुक्कामाला ‘अवस्थान’ असे संज्ञांचे भेदही नेमके पाळलेले आहेत.

अशा नोंदीचे वेगळेपण कळण्यासाठी जरा दूरचे उदाहरण घेऊ. सातवाहनांच्याच काळात, दुसऱ्या शतकात, पौसानियस या ग्रीक प्रवाशाने ग्रीसमधील नगरांचे आणि देवळांचे दहा भागांत वर्णन लिहिले. पर्यटकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांचा तो पूर्वज मानला जातो. पौसानियस निवड करतो. उल्लेखनीय तेवढे सांगावे, बाकीचे सोडून द्यावे, ही त्याची भूमिका आहे. आजची आपली ठरीव यादी याच कुळातील आहे. स्थानपोथीला असे तारतम्य मान्य नाही. तिच्या लेखी भव्य शिखराचे देऊळ आणि झाडाखालची मोकळी जागा सारख्याच योग्यतेची, कारण मोजमाप वास्तूचे नसून तेथे कोण बसले होते याचे आहे. देवळातील देवाला ही पोथी मानत नाही, पण त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला हे मात्र काटेकोरपणे सांगते. यादवांचे राज्य लयाला गेल्यानंतरच्या त्या काळात दारांच्या दिशा अशा निगुतीने लिहून ठेवणाऱ्याच्या मनात काय असेल? देवळे राहतील याची शाश्वती त्याला वाटत नसावी, असा माझा तर्क आहे.

पैठणच्या बाबतीत हे सारे फार जवळचे होते. एकाकी भ्रमण करणारे चक्रधर पैठणला आले आणि येथून पुढे त्यांच्याभोवती माणसे जमू लागली. लीळाचरित्राच्या ‘एकांका’तून ‘पूर्वार्धा’त येण्याची वाट पैठणमधून जाते. भोगनारायणाच्या देवळातील त्यांचे अवस्थान प्रसिद्धच आहे. या अवस्थानाच्या लीळांत मला नेहमी दिसते ती बाइसा, म्हणजे नागुबाई. पैठणची ही वृद्ध तपस्विनी पुढे सर्व प्रवासात चक्रधरांची सावली होऊन राहिली. अन्न शिजविणे, वाढणे, जागा झाडणे, आल्यागेल्याला सामोरे जाणे, ही तिची कामे. स्थानपोथीतील आरोगणेचे प्रत्येक स्थान हे एका अर्थी बाइसेच्या चुलीचेही स्थान आहे, असे मी वर्गात सांगते. पुरुष अभ्यासकांनी या अंगाने पोथी वाचलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. अर्थात वाचली असल्यास मला आनंदच होईल. पुढे केशोबासांना संस्कृत सोडून मराठीत लिहा असे सांगताना नागदेवाचार्यांनी कारण दिले तेही पंथातील म्हाताऱ्या बायांचेच. त्यांना कळणार नाही ते लिहून काय उपयोग, असा त्यांचा आशय होता. आपल्या ग्रंथभाषेचा पाया अशा श्रोत्यांनी घातला आणि त्यांतील पहिली श्रोती पैठणची होती.

हे पैठण काही शतके सर्वांच्या दृष्टीआड राहिले. महानुभावांचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपी उलगडल्यावर आणि भाव्यांसारख्यांनी ग्रंथ प्रकाशात आणल्यावर ते आपल्याला वाचता येऊ लागले. गावात मात्र पंथीयांनी स्थाने ओट्यांच्या रूपाने सांभाळली होती. एखाद्या बोळाच्या टोकाला चुन्याने सारवलेला ओटा असतो, वर गंधाक्षता असतात, आणि शेजारच्या घरातील मूल त्याला टेकून अभ्यास करीत असते. सहलीच्या यादीत तो नसतो. मी विद्यार्थ्यांना प्रथम तेथे नेते. काही पाहण्यासारखे नाही अशी कुजबुज होते आणि मी ती होऊ देते.

नाथांच्या वाड्यात मात्र कुजबुज होत नाही. तेथे रांजण आहे, आणि श्रीखंड्याची कथा प्रत्येकाला घरून माहीत असते. तुकाराम बीजेला रांजणाची पूजा होते, पाणी भरण्यास आरंभ होतो आणि षष्ठीपर्यंत तो ओसंडतो, अशी श्रद्धा आहे. भाविकांनी रांजण पाहावा. मराठीच्या अभ्यासकाने त्याबरोबरच ध्यानात घ्यावे, की ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे काम एकनाथांनी शके १५०६ मध्ये पूर्ण केले, आणि ते या गावाच्या पंडितांच्या नजरेखाली केले. प्रती मिळवाव्या, ताडून पाहाव्या, अपपाठ काढावे, आपल्या पदरचे त्यात काही घालू नये असे इतरांना बजवावे, हे आपल्या पाठचिकित्सेचे आद्य उदाहरण. विद्यापीठांच्या मराठी विभागांची मूळ जागा दाखवा म्हटले तर मी हा वाडा दाखवीन. भागवताची टीका मात्र पहिल्या पाच अध्यायांपलीकडे पैठणला झाली नाही. ती काशीत शके १४९५ मध्ये पुरी झाली. आपल्या गावच्या कवीचा ग्रंथ परगावी सिद्ध व्हावा, हे पैठणच्या तत्कालीन विद्वत्सभेचे भूषण नव्हे.

भारुडांचे काय? वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, महार, कैकाडीण, जोहार घालणारा, ही माणसे एकनाथांना वाड्याच्या दारातच भेटली असणार. सातवाहनांच्या ग्रंथात जे नगर सापडत नाही, चौदाव्या शतकातील पोथीत जे केवळ दिशांच्या रूपाने आहे, ते रस्त्यावरच्या आवाजासह भारुडात उभे राहते. पैठणच्या गल्लीत उभे राहून एखाद्या विद्यार्थिनीने भारूड म्हटले की दुकानदार बाहेर येऊन ऐकतात. एकदा तर एका भाजीवाल्या मावशींनी पुढचे कडवे उचलून धरले आणि आमच्या मुलीचा चुकलेला शब्द दुरुस्त केला. पाठशुद्धीची परंपरा अशीही चालू असते.

नागघाटावर फार बोलू नये असे माझे मत आहे. ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्रासाठी आली, रेड्याने वेद म्हटले, ही कथा प्रत्येकाने आपल्या परीने समजून घ्यावी. घाटाच्या पायऱ्यांवर बसून समोरची नदी पाहावी. पण नदीतही पूर्वीची नदी नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेव्हापासून पैठणचे पाणी धरणाच्या दरवाजांवर अवलंबून आहे. वर शंभरावर गावांच्या जमिनी नाथसागरात गेल्या. त्यांची स्थानपोथी कोणी लिहिल्याचे मला ठाऊक नाही. खाली उजव्या कालव्याने पाणी गेवराईवरून माजलगावकडे येते. आणखी एक गंमत अशी, की जायकवाडी हे बीड जिल्ह्यातील गाव. धरण आधी तेथे योजलेले होते; जागा वर पैठणला सरकली, नाव तेवढे आमच्याकडचे राहिले. धरणावर उभे राहून मुले सर्वांत जास्त आनंदित होतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते त्यांना एवढे पाणी हेच सर्वांत मोठे प्रेक्षणीय स्थळ वाटणार. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेल्या उद्यानाविषयी मला विशेष सांगावयाचे नाही.

सहलीनंतर अहवाल लिहून घेण्याची पद्धत आहे. त्या अहवालांत बस किती वाजता निघाली, नाश्ता कोठे झाला, आणि पैठण हे दक्षिणकाशी म्हणून प्रसिद्ध आहे, इतका मजकूर हमखास असतो. काही वर्षांपासून मी अहवाल घेणे सोडले आणि पदव्युत्तर वर्गाला वेगळा स्वाध्याय देऊ लागले : आपल्याला माहीत असलेल्या एका जागेची नोंद स्थानपोथीच्या पद्धतीने करा. दाराची दिशा द्या, पायऱ्या मोजा, कोण कोठे बसे ते सांगा. विशेषणे वापरू नका. बहुतेकांनी त्वरिता देवीचे मंदिर घेतले, काहींनी राक्षसभुवनचे शनिमंदिर, एकाने पांचाळेश्वर. या नोंदी चांगल्या होत्या आणि दोन-तीन तर जपून ठेवाव्यात अशा होत्या.

एका मुलीने कोपी घेतली. सांगली भागातील एका कारखान्याच्या तळावरील, ती सात वर्षांची असतानाची. उसाच्या पाचटाची, आत शिरताना वाकावे लागे अशी. डाव्या हाताला पत्र्याची पेटी, तिच्यावर पिठाचा डबा. चूल बाहेर, तीन दगडांची. पाऊस आला तर आत. पुढे सहा पावलांवर बैलांची दावण. धुण्याचा दगड कालव्याच्या कडेला. मुकादम येई तेव्हा उभा राहण्याची जागा दावणीपाशी. परिश्रयाचे स्थान : उसात, अंधार पडल्यावर. धाकट्या भावाचा जन्म याच कोपीत, एवढी एक ओळ. पाच महिन्यांच्या या मुक्कामाला वसती म्हणावे की अवस्थान, असा प्रश्न तिने समासात विचारला होता. आम्ही वर्गात त्यावर तासभर बोललो आणि एकमत झाले नाही. हंगाम संपल्यावर कोप्या पेटवून देतात, म्हणून आता त्या जागी दाखवावयास काही नाही, असेही तिने लिहिले होते.

कोपीच्या तोंडाची दिशा तेवढी तिला आठवत नव्हती. ती आईला दूरध्वनी करून विचारून घेतली, अशी तळटीप होती. सकाळी ऊन थेट अंथरुणावर येई, त्याअर्थी पूर्व, असे आईने सांगितले. नाथषष्ठीला तेव्हा आठ दिवस होते आणि आई त्या वेळीही फडावरच होती.